ताब्याची तारीख

मगदूमसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि विचारलं, घर तुमचं झालं कधी?
गणपती पेठेत, वरच्या मजल्यावर.
खाली हळदीची पोती उतरत होती,
पिवळी धूळ त्यांच्या फायलींवरसुद्धा.

कधी म्हणजे?
म्हणजे, किल्ली हातात आली तिथून मोजलं
तर एकोणीस महिने. चोवीस भरत नाहीत.
नफा अल्पमुदतीचा, कर जास्त.
पण बिल्डरनं वाटप-पत्र दिलं असेल, फ्लॅटचा नंबर घालून,
तर तिथून मोजायला आपल्याला जागा आहे.
बघा की घरात कुठं सापडतंय का.

छत्तीस वर्षं मी मिरजेला नर्स होते.
जन्मवेळ कशी लिहायची, ते मला पक्कं ठाऊक.
कळा सुरू झाल्या ती नाही, डोकं दिसलं ती नाही,
बाळ पुरतं बाहेर आलं, ती.
घराचं असं काही कुणी शिकवलं नव्हतं.

विश्रामबागेच्या मागं तेव्हा नुसता खड्डा.
खड्ड्यात पाणी, पाण्यात कुणाची तरी म्हैस.
एजंटानं आभाळात बोट दाखवलं: तीनशे चार.
याकोब म्हणाला, हवा चांगली आहे.

मग जोत्याला हप्ता, पहिल्या स्लॅबला हप्ता, दुसऱ्याला.
उपासना संपली की आम्ही परस्पर तिकडं.
याकोब जंक्शनवर होता,
रूळ ठोकून आवाज ऐकायची जन्माची खोड.
तो आमच्या विटा ठोकायचा, कान लावून,
आणि वॉचमनला सांगायचा, ही बरोबर बोलत नाही.

महापुराच्या साली सिमेंट आलं नाही.
पुढच्या साली गवंडी चालत गावाला गेले.
सेंट्रिंगच्या फटीत पिंपळ उगवला.
बँकेचा हप्ता तेवढा दर पाच तारखेला,
आणि खोलीचं भाडंही.
साडेपाच वर्षं दोन घरांचे पैसे, राहायला एक.

ताबा मिळाला तेव्हा लिफ्टच्या जागी
दोन लोंबत्या वायरी आणि एक कबुतर.
येतेय, येतेय म्हणाले.
याकोबचे गुडघे काही थांबले नाहीत.
चोपन्न पायऱ्या.
तो मधल्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा
आणि वर जाणाऱ्यांना म्हणायचा, सिग्नल नाही मिळाला.

विकत घेणारा कवठेमहांकाळचा, द्राक्षबागायतदाराचा पोरगा.
दोन-दोन पायऱ्या टाकत गेला वर.

पत्र सापडलं एक्स-रेच्या पाकिटात, गुडघ्यांच्या मागं.
शिक्का, सही, तारीख, तीनशे चार.
मगदूम म्हणाले, झालं काम. सात वर्षं. दीर्घमुदतीचा.
मग बेरीज: किंमत, मुद्रांक, नोंदणी.
ग्रिल धरता येतं, पावती असेल तर.
खोलीचं भाडं?
नाही.
रविवारांचं मी विचारलंच नाही.

नवं घर घेतलं तर सूट आहे, ते म्हणाले,
तळमजल्यावरचं बघा. आणि बाई,
बांधून तयार असलेलं.
पहिल्यांदाच हसले.

झेरॉक्सच्या पोरानं न विचारता दोन्ही बाजू काढल्या.
मागची लागत नाही, मगदूम म्हणाले,
पण तोवर पिन मारून झाली होती.

नोटीस आलीच कधी,
तर कुणा अधिकाऱ्याला ते पान उलटावं लागेल:
पेन्सिलीनं काढलेला ओटा,
खिडकीकडं बाण, उन्हाचा,
बोळाला रुळासारख्या दोन रेघा,
एक चौकोन, त्यात 'हिची खुर्ची',
आणि खाली कोपऱ्यात
त्या दिवसाची तारीख, शेजारी वेळ,
सायंकाळी सात वाजून दहा मिनिटं.